कॅन्सरची चाचणी वस्तीपर्यंत कधी येणार?

थुंकी, लघवी किंवा रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर लवकर ओळखणारी उपकरणे बनवण्याचे संशोधन जगभर चालू आहे. त्यांना ऑप्टिकल बायोसेन्सर म्हणतात. यातल्या एका प्रकारात सोन्याच्या पातळ थरावर प्रतिपिंडे बसवतात. कॅन्सरशी संबंधित रेणू त्यांना चिकटला की परावर्तित प्रकाश बदलतो आणि यंत्र तो बदल टिपते. यातली बहुतेक उपकरणे अजून प्रयोगशाळेतच आहेत. संशय आला तरी खात्रीसाठी बायोप्सी लागतेच.

हे सगळे मोठ्यांचे, आपले नव्हे, असे कुणी म्हणेल. पण आशाताईकडची गरोदरपणाची ‘निश्चय’ पट्टी आठवा. अशा अनेक पट्ट्यांवरची लाल रेघ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचीच असते. शासनाने मनावर घेतले म्हणून ती झोपडीत पोचली.

मुंबईत १९९८ पासून टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या सेविकांनी व्हिनेगार लावून साध्या डोळ्यांनी गर्भाशयमुख तपासले. तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ही तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया शंभरात दोनही निघाल्या नाहीत. मग अडले कुठे? यंत्रावाचून की इच्छेवाचून?

तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात शासकीय समितीने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कॅन्सर होईल अशी भीती डॉक्टरांनी घातल्याचे अनेकींनी सांगितले. या घामाच्या बायकांना खात्रीची चाचणी कुणी दिली?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणून आमची मागणी साफ आहे. नवी चाचणी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावी आणि तिच्यामागे बायोप्सी व उपचारही मोफत असावेत. नुसते निदान हातात देऊन गरिबाला वाऱ्यावर सोडणे हा विज्ञानाचा उपयोग नव्हे.

तोवर थांबायचे कशाला? तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आजही आहे. आयाबहिणींनो, गटाने केंद्रावर जा आणि ती मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे!