एकटा जीव, दोघांचे बिल

‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण ज्याने कोणी प्रचारात आणली, त्याने कधी हॉटेलात खोली घेतली नसावी. एकट्याला ना संसाराचा व्याप, ना खर्चाची चिंता. पिशवी खांद्याला अडकवली की निघाला, असे ही म्हण गृहीत धरते. प्रत्यक्षात चार दिवस कुठे तरी राहून येऊ म्हणणाऱ्या एकट्या माणसाला पहिल्याच पायरीवर कळते की, पर्यटनाच्या बाजारात माणूस हे मापच नाही. तिथले माप जोडी हे आहे. जोडीतला एक गैरहजर असेल, तर त्याचे पैसे हजर असलेल्याने भरायचे असतात.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला आकडेमोडीशिवाय तक्रार करता येत नाही, म्हणून आधी हिशेब मांडतो. आपल्याच शहरात बाहेरगावचा पाहुणा आला आहे, असे समजा. एक दिवस देवगिरीचा किल्ला आणि वेरूळ, एक दिवस अजिंठा. दोन रात्रींची खोली रोजच्या ३,००० रुपयांनी ६,००० रुपये, दोन दिवसांची मोटार ७,००० रुपये आणि दोन्हीकडच्या गाईडचे मिळून ४,००० रुपये धरू. एकूण झाले १७,००० रुपये. नवराबायको असतील तर माणशी साडेआठ हजार. एकटा असेल तर त्याला सगळेच्या सगळे सतरा हजार. गाईडचे दरसुद्धा गटावर असतात. एका माणसाला जो दर, तोच चौघांना. या सगळ्या हिशेबात जेवण सोडले, तर माणशी मोजली जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे लेण्यांचे प्रवेशशुल्क. भारतीय पर्यटकासाठी ते ४० रुपये आहे आणि ‘तुम्ही एकटे आहात, ८० द्या’ असे पुरातत्त्व खाते म्हणत नाही.

हॉटेलवाल्याची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. चादर एकाने चुरगळली काय आणि दोघांनी चुरगळली काय, धुवावी लागतेच. खोली झाडायची, दिवे लावायचे, नोकरांचे पगार द्यायचे, हा खर्च डोकी मोजून होत नाही. मोटारीचे डिझेलही मागच्या सीटवर किती जण बसले आहेत हे विचारून जळत नाही. तेव्हा एकट्याला खोली थोडी महाग पडणार, हे मान्य. पण थोडी म्हणजे किती? एकटा माणूस नाश्ता एकच करतो, गरम पाणी एकाचेच वापरतो, तरी बिल मात्र पुरे दोघांचे. वर जीएसटी लागतो तोही खोलीच्या पूर्ण भाड्यावर. जुलै २०२२ पर्यंत रोज हजार रुपयांपर्यंतच्या खोल्या या करातून सुटल्या होत्या, ती सवलतही त्या महिन्यात गेली. साध्या लॉजवर उतरणाऱ्या एकट्यालाच ती अधिक जाणवली.

ठरवून काढलेल्या सहलींची गोष्ट निराळी नाही. आपल्या रेल्वेच्या आयआरसीटीसीचे सहलींचे दरपत्रक उघडून पाहा. तिथे बहुधा तीन रकाने असतात : खोलीत एकटा, दोघे आणि तिघे. सर्वांत मोठा आकडा पहिल्या रकान्यात असतो. खासगी सहल कंपन्यांकडे याला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. शब्द असा गोंडस आहे की, काही जास्तीचे मिळते आहे असे वाटावे. मिळत असते ती एक रिकामी खाट. रेल्वेने साठी ओलांडलेल्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न ओलांडलेल्या स्त्रियांना ५० टक्के दिलेली भाडेसवलतही मार्च २०२० मध्ये काढून घेतली. करोनाची साथ ओसरल्यावरही ती वर्षानुवर्षे परत मिळाली नाही.

पैशांचे एक वेळ सोडून देऊ. माणसाला अधिक बोचतो तो प्रश्न. ‘एकटेच?’ काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावी मी संध्याकाळी खोली मागितली, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे पाहिले. ‘मागून कोणी येतंय का?’ ‘नाही.’ ‘मग साहेब, मुलाचा नंबर देऊन ठेवा.’ नंबर दिला. त्यांनी माझ्यासमोर मुलाला फोन लावून खात्री करून घेतली आणि मगच किल्ली दिली. बँकेत कर्जदाराला जामीन मागताना मी जो चेहरा करीत असे, तोच मला त्या दिवशी समोरून पाहायला मिळाला.

त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. एकटा उतारू खोलीत स्वतःचे काही बरेवाईट करून घेईल, ही धास्ती लॉज चालवणाऱ्यांच्या मनात असते आणि असा एखादा प्रसंग घडला की पोलीस, पंचनामा, बदनामी हे सारे त्यांच्याच वाट्याला येते. अनेक लॉजमध्ये आणि काही धर्मशाळांमध्ये एकट्याला खोली नाकारतात, ती या भीतीपोटी. पण या भीतीचा अर्थ काय होतो, तेही पाहावे. जोडीने आलेला तो सुखी आणि एकटा आलेला तो संशयित, असा आपण समाज म्हणून निकाल देऊन टाकला आहे. एकटी बाई असेल तर संशयाचा रंग आणखी गडद होतो. चाळिशीची शिक्षिका असो की साठीची निवृत्त परिचारिका, ‘मिस्टर नंतर येणार आहेत का?’ हा प्रश्न तिला चुकत नाही. समुद्र पाहायला आले आहे, एवढे कारण तिच्याकडून कोणी स्वीकारत नाही.

आणि ही एकटी माणसे थोडीथोडकी का आहेत? २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय सुमारे १० कोटी ४० लाख होते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. अविवाहित, घटस्फोटित, नोकरीनिमित्त परगावी एकटे राहणारे तरुण यात धरलेलेच नाहीत. शिवाय आज जे जोडीने फिरत आहेत, त्यांचे काय? बँकेत नवराबायको संयुक्त खाते उघडतात, तेव्हा फॉर्मवर बहुधा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या पर्यायावर खूण करतात. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. हसतमुखाने खूण करणारी शेकडो जोडपी मी टेबलापलीकडे पाहिली आणि पुढे त्यांतली एकेक व्यक्ती मृत्यूचा दाखला घेऊन एकटी येताना पाहिली. त्या दिवशी बँक मागे राहिलेल्याला अर्धे व्याज देत नाही की दुप्पट शुल्क लावत नाही. खाते चालू राहते. दोघांचा एक दिवस एक होणार, हे बँकेसारख्या रुक्ष संस्थेनेही फॉर्मवर छापून ठेवले आहे. पर्यटनाच्या धंद्याला मात्र ते अजून सुचलेले नाही.

यावर घरोघरी एक उत्तर तयार असते. ‘बाबा, एकटे कशाला जाता? आमच्याबरोबर चला ना!’ मुलांचा हा आग्रह मनापासूनचा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण कुटुंबाच्या सहलीत आजी किंवा आजोबांच्या वाट्याला काय येते, ते एकदा आठवा. नातवंडांच्या खोलीतली जादा गादी, चढ लागला की ‘तुम्ही इथेच बसा’ आणि जवळ सांभाळायला सगळ्यांच्या बॅगा. पद्मपाणीसमोर अर्धा तास उभे राहावे असे ज्याला वाटते, त्याला दहा मिनिटांत गाडीकडे चला म्हणतात. आपल्या गतीने पाहणे, आपल्याला वाटेल तिथे बसणे, कंटाळा आला तर परत फिरणे, यासाठीच तर माणूस एकटा निघतो. गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमेच्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे. एकट्याने हिंडणे ही आपल्याकडे एके काळी साधना होती. आता ती चैन झाली आहे, आणि तीही दुप्पट दराची.

हे असेच असते, त्याला इलाज नाही, हे मला पटत नाही. इलाज आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर आहे. ताडोबात जंगल पाहायचे तर सहाजणांची पूर्ण जिप्सी घ्यावी लागते. एकटा गेला तर त्याच्या सोबत पाच रिकाम्या जागा वाघ पाहून येतात. राजस्थानातल्या रणथंबोरला सहा आसनांची जिप्सी आणि वीस आसनांचा कँटर यांची तिकिटे आसनागणिक मिळतात. जंगल तसेच, वाघ तसाच, व्यवस्था तेवढी वेगळी. जपानमध्ये कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठी एका माणसाच्या लहानशा खोल्यांची हॉटेले गावोगाव आहेत; एका माणसाने झोपण्यापुरत्या कप्प्यांचे पहिले हॉटेल ओसाकात १९७९मध्ये निघाले. आपल्याकडेही जुन्या लॉजच्या काउंटरमागे फळ्यावर खडूने ‘सिंगल, डबल’ असे वेगळे दर लिहिलेले असत. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला खुंटी, न्हाणीघर बाहेर. आज मोबाईलवर खोली शोधायला गेले, तर पडद्यावर आधीपासूनच ‘२ प्रौढ’ लिहिलेले असते.

आपल्या परंपरेत याहून चांगला नमुना आहे. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर किंवा आळंदी-देहूहून पंढरीला निघालेल्या दिंडीत जेवणाखाण्यासाठी जी भिशी भरायची, ती माणशी असते. जोडीने आलात की एकटे, कोणी विचारत नाही. ‘माउली’ म्हटले की ओळख पुरली. एसटीचेही तेच. एक माणूस, एक तिकीट. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात नेणारी ही गाडी एकट्या माणसाची खरी सोबतीण आहे. मराठी सहल कंपन्यांनीही, केसरी असो वा २०१३मध्ये निघालेली वीणा वर्ल्ड, केवळ स्त्रियांसाठी सहली काढून दाखवल्या. नवऱ्याशिवाय घराबाहेर पडणाऱ्या बायका भरभरून आल्या. म्हणजे गिऱ्हाईक आहे. त्याला बोलावणारा हवा.

अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात आणि लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर सगळ्यांना बसने जावे लागते. प्रदूषणापासून चित्रे वाचावीत म्हणून केलेली ही सोय. पण तिथे एक आपसूक न्याय घडतो. शेवटचे चार किलोमीटर एकटा आणि जोडी यांचा दर सारखाच असतो. प्रश्न आहे तो आपल्या शहरापासून फाट्यापर्यंतच्या शंभर किलोमीटरचा. रोज ठरल्या वेळी शहरातून निघणारी, आसनागणिक तिकिटाची गाडी आणि तिच्यातल्या पंधरा-वीस जणांत वाटून घेतलेला एक जाणता गाईड, एवढे पर्यटन महामंडळाने आणि हॉटेलवाल्यांनी मिळून केले, तरी वर मांडलेल्या सतरा हजारांतले निम्मे पैसे एकट्याचे वाचतील. हॉटेलांनी मंदीच्या दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात, रिकाम्या राहणाऱ्या खोल्या एकट्याला पाऊण भाड्याने दिल्या, तर त्यांचेही नुकसान नाही. रिकामी खोली शून्य उत्पन्न देते, हे सांगायला बँकेचा माणूस लागत नाही.

अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात चौकाच्या तीन बाजूंना बारा खोल्या आहेत आणि त्यांत दोन-दोन दगडी शय्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा दोघांना एक खोली हाच हिशेब होता, असे कोणी म्हणेल. पण एखादा भिक्षू एकटाच वस्तीला आला, म्हणून शेजारच्या रिकाम्या शय्येचे भाडे त्याच्याकडून कोणी घेतले नसेल, याबद्दल माझी खात्री आहे.

सरकार आणि हॉटेलवाले हे सारे करतील तेव्हा करतील. तोवर आपल्यालाही काही करता येईल. पुढच्या रविवारी वेरूळला मोटार करून निघाल आणि एक जागा रिकामी असेल, तर जिन्यासमोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या काकूंना आदल्या दिवशी विचारा. त्या येतो म्हणाल्या तर कैलास लेण्यापाशी त्यांना त्यांच्या गतीने पाहू द्या, आणि परतताना त्यांनी भाड्यातला आपला वाटा पुढे केला, तर ‘असू द्या हो’ म्हणू नका. घ्या. तेवढाच वाटा, एका माणसाचा.