घरात एकाला फ्लू झाला की सगळ्यांना व्हायलाच हवा का?

पावसाळा लागला की दवाखान्यात कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागतात. आधी शाळेत जाणारा मुलगा, दोन-तीन दिवसांनी आई, मग आजोबा. "साथच आहे डॉक्टर, एकाला झालं की सगळ्यांना होणारच," असं सांगताना त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. मुलगा आठवड्याभरात खेळायला लागतो. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या आजोबांना मात्र त्याच विषाणूमुळे न्यूमोनिया होऊ शकतो.

आपण काळजी घेतो, पण भलत्याच ठिकाणी. केळं बंद, दही बंद, थंड पाणी बंद. फ्लूचा विषाणू दह्यातून येत नाही. तो रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून, अगदी बोलण्यातूनही हवेत येतो. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, दोऱ्यांवर ओले कपडे आणि त्याच खोलीत सगळे झोपलेले, ही त्याच्या सोयीची जागा. लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवू लागतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वात जास्त पसरवतो. म्हणून "दोन दिवस बघू" न म्हणता ताप आला त्याच संध्याकाळी त्याचं अंथरूण वेगळं करा. घर एका खोलीचं असेल तर त्याला खिडकीजवळ झोपवा, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि इतरांनी त्याच्या पायाच्या बाजूला डोकं करून झोपा. कोणी जवळ येईल तेव्हा रुग्णाने मास्क लावावा (दोन वर्षांखालच्या बाळाला नको). कोरोनात घातलेला मास्क आता घरात घालायची लाज वाटते, हे मला अजून समजलेलं नाही.

बेसिनजवळचा सगळ्यांचा एकच नॅपकिन काढून टाका. रुग्णाचं काही केल्यावर साबणाने हात धुवा. आणि उष्ट्या-खरकट्याचे इतके नियम असलेल्या आपल्या घरांत, आजारी मुलाच्या ताटातलं उरलेलं आईनेच संपवायचं, हा अपवाद कोणी केला कोण जाणे!

शुश्रूषा एकानेच करावी, आणि ती व्यक्ती धडधाकट असावी. गरोदर सून नको, आजी तर नकोच. नातवाला मांडीवर घेऊ नका असं आजीला सांगणं जिवावर येतं, तरी ते सांगा. आईच हवी असंही नाही; बाबांनाही कपाळावर पट्ट्या ठेवता येतात.

लसीबद्दल. सहा महिन्यांवरील कोणालाही ती घेता येते, मात्र दरवर्षी घ्यावी लागते. परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधीच घ्यावी. ती प्रत्येक सर्दी थांबवत नाही, फ्लू गंभीर होण्याचा धोका मात्र कमी करते. मुलांसाठी लस विचारणारे पालक आजी-आजोबांचं नावही काढत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनी ताप येताच डॉक्टरांना दाखवावं. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वात उपयोगी ठरतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, घरात उरलेलं तर मुळीच घेऊ नका. धाप, गुंगी, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि शाळांना एक विनंती: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्यासाठी मुलं सकाळी पॅरासिटामॉल घेऊन वर्गात बसतात. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, तेव्हाच मुलाला शाळेत पाठवा.