परसातला भाजीमळा आणि आपण डॉक्टर

इंदुरातील आपल्या अनेक डॉक्टर मंडळींच्या बंगल्यांभोवती आजही बरीच मोकळी जागा आहे. पण तिची वाटणी पाहिली, की खेद वाटतो. पुढे हिरवळ, बाजूस मोटारींसाठी फरशी, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारापाशी, जिथे पूर्वी अळू आणि कढीलिंब असे, तिथे निकामी सामानाचा ढीग. रुग्णाला आपण रोज सांगतो, की आहारात भाज्या वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेने फळे व भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्यास सांगितले आहे, हेही ऐकवतो. ती भाजी पिकते कशी, तिच्यावर काय फवारले जाते, याची चौकशी मात्र आपल्यातले थोडेच करतात. ज्यांच्यापाशी हजार-दोन हजार चौरस फूट जागा आहे, त्यांनी ती भाजीसाठी राखावी आणि तिथे विषारी फवारणी मुळीच होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळी भाजीची तयारी माघात सुरू होते. वसंत पंचमीच्या सुमारास जमीन खणून ठेवावी. पेरणीची घाई मात्र नको. माळव्यातील रात्री तेव्हा गारच असतात आणि भेंडीचे बी थंड, ओल्या मातीत उगवण्याऐवजी कुजते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भेंडी, गवार, चवळी आणि काकडी, दुधी, दोडका, कारले हे वेल लावावेत. कारल्याच्या बियांचे कवच जाड असते, म्हणून त्या रात्रभर भिजत घालाव्यात. मांडव वेल पसरण्यापूर्वीच उभारावा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तेव्हा वाफे थोडे उंच करावेत, भरपूर खत मिसळावे आणि वर वाळल्या पानांचा जाड थर द्यावा. वैशाखाच्या उन्हात या थराइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

‘फुले येतात, पण फळ धरत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. वेलाला आधी नरफुले येतात, मादीफुले मागाहून. त्यामुळे थोडा धीर धरावा लागतो. शिवाय दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, तर काकडीची व घोसाळ्याची (इंदुरी बोलीत गिलकीची) सकाळी. मधमाश्या घरी परतल्यानंतर उमलणाऱ्या दुधीसाठी तिन्हीसांजेला नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला लावले, तर फळ हमखास धरते. ज्यांचा संध्याकाळचा दवाखाना उशिरापर्यंत चालतो, त्यांनी हे काम घरच्या मंडळींवर सोपवावे.

आता फवारणीविषयी. कीटकनाशक आधी मधमाशीला मारते, हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या व्यवसायातले आहे. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम, धाप अशा अवस्थेत आणलेल्या रुग्णाला ॲट्रोपिन देत आपण रात्री जागवल्या आहेत. मोनोक्रोटोफॉसला भाज्यांवर २००५ पासून बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे. तरीही डॉक्टरांच्याच अंगणात माळी उघड्या हातांनी औषध कालवताना दिसतो आणि घरधन्याला बाटलीवरचे नावही ठाऊक नसते! घरच्या मळ्याला त्याची गरजच नाही. अळ्या हाताने वेचाव्यात, मावा पाण्याच्या झोताने धुवावा, निंबोळी अर्क वापरावा, फळमाशीसाठी गंधसापळा टांगावा आणि डंख झालेली फळे खोल पुरावीत. चार फळे किडली, तर किडोत.

खताच्या बाबतीत तर इंदूरकराने बाहेर पाहण्याचे कारण नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून व ते ठरावीक काळाने उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत त्यांनी इथेच बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. आडनावावरून ते आपल्यापैकीच वाटतात, पण आपल्या स्मरणिकांत त्यांचा उल्लेख माझ्या वाचनात नाही. शहराचा ओला कचरा आज वेगळा गोळा होतो आणि २०२२ पासून देवगुराडिया येथे त्यापासून गॅसही तयार होतो, ही अभिमानाची गोष्ट खरी. तरी ज्याच्या घरी मळा आहे, त्याने भाजीची देठे गाडीत का टाकावीत?

दोन सूचना वैद्यकीय आहेत. पाण्याचे पिंप झाकलेले असावे, नाहीतर डेंग्यूचा डास आपल्याच घरी वाढेल. आणि दुधी चिरल्यावर एक लहानशी चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकून सारा दुधी टाकून द्यावा. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने मृत्यू घडल्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. या विषबाधेवर उतारा नाही. रक्ताची उलटी आणि घसरलेला रक्तदाब घेऊन आलेल्या रुग्णाला ‘सकाळी कोणता रस घेतला?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

संस्थेच्या जानेवारीतील बैठकीला प्रत्येकाने घरच्या भाजीचे थोडे बी पुडीत बांधून आणावे आणि पुडीवर जात व वर्ष लिहावे, असा माझा प्रस्ताव आहे. संकरित बी तेवढे आणू नये. ते पुढच्या वर्षी मूळ गुण राखत नाही.