समुपदेशन मायबोलीतच हवे

दहावीच्या धास्तीने मूल गप्प झाले, की 'घुमा आहे' म्हणून आपण मोकळे होतो. गोव्याच्या 'संगत' संस्थेने दिल्लीतील सरकारी शाळांत 250 विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नुसत्या सचित्र पुस्तिका, उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशकाच्या चार-पाच भेटी. समुपदेशक तज्ज्ञ नव्हेत; शिकवून तयार केलेली साधी माणसे. सहा आठवड्यांनी भेटी मिळालेल्यांच्या अडचणी अधिक कमी झाल्या. मानसिक लक्षणांत मात्र तेव्हा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. केनियात शाळा नुकत्याच संपवलेल्या तरुणांनी चार बैठका घेतल्या. तेथे नैराश्य घटले.

दिल्लीत हे बोलणे मुलांच्या हिंदीत झाले. आमच्या मराठी शाळेत केवळ कन्नड जाणणारा समुपदेशक आला, तर मूल तोंड उघडेल काय? परिपत्रके मराठीत मागतो, तशी ही मागणीही शासनाकडे गेली पाहिजे. शिकवून तयार करायला गावोगावी पदवीधर मराठी मुले-मुली आहेतच.