वनस्पतीच ना शेवटी!

दिवाळीच्या पहिल्या पहाटे घरोघर तेलाची वाटी निघते. माझी आजी ते तेल आणायला स्वतः जात असे, आणि दुकानदाराला अर्धा तास उभा करीत असे. तीळ की सरकी? घाण्याचे की गिरणीचे? वरचे की तळाचे? तिला अक्षरओळख नव्हती. पण तेला-तेलांतला फरक तिला कळत होता. तिच्या नातवंडांना इंग्रजीसुद्धा वाचता येते आणि फरक मात्र कळेनासा झाला आहे. असे म्हणण्याचा अधिकार मला एका बाटलीने दिला. ती बाटली भांगेच्या तेलाची होती. सणाच्या अंकात हा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. हे तेल तुमच्या-आमच्या घरांत केव्हाच शिरले आहे. पुष्कळ ठिकाणी ते देवघराशेजारच्या फडताळात, गुडघ्याच्या मलमाला टेकून उभे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत सातवीतला एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेत कोसळला. धडगावकडच्या एका पाड्यावरचा, गणितात हुशार, बोलण्यात लाजाळू. त्याला फिट येतात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक होते. दोन वर्षांत एकही आली नव्हती, हेही ठाऊक होते. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या तो सकाळ-संध्याकाळ नेमाने घेत असे. त्या दिवशी फिट थांबेना. जीपमध्ये घालून त्याला नेले, डॉक्टरांनी सुई दिली, तेव्हा मुलगा शांत झाला.

दुसऱ्या दिवशी बाप आला. हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मजुरी करणारा, बाकी वर्ष चार एकर डोंगरउतारावर काढणारा माणूस. त्याने पिशवीतून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. पुढच्या बाजूला हिरवेगार भांगेचे पान, खाली सोनेरी अक्षरे.

“गुरुजी, हे चालू केलं म्हणून गोळ्या बंद केल्या. दुकानदार बोलला, विलायतेत फिटवर हेच देतात.”

किंमत 1,800 रुपये. मी चष्मा पुसून बाटलीची मागची बाजू वाचली. मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत घटक लिहिला होता: हेम्प सीड ऑइल. म्हणजे बियांचे तेल.

मी त्या दुकानदाराकडे गेलो. माणूस वाईट नाही. उधारी देतो, गणपतीला वर्गणी देतो. त्याने हसून मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “मास्तर, बी काय अन् पाला काय, वनस्पतीच ना शेवटी!”

या वाक्याशी माझे भांडण आहे.

आमच्या सातपुड्यात या वाक्यावर कोणी लहान मूलसुद्धा विश्वास ठेवणार नाही. तिथे मोह आहे. मोहाच्या फुलाची दारू होते आणि मोहाच्या बीचे तेल निघते. फूल चैत्रात वेचायचे, बी पुढे पावसाच्या तोंडाशी. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा. बीचे तेल खाऊन कोणी झिंगला असे ती सांगणार नाही, आणि फुलाच्या दारूत कोणी भाजी तळली असेही सांगणार नाही. झाड एक, पण फूल निराळे, बी निराळी. ही अक्कल जिला आहे तिला आपण अडाणी म्हणतो, आणि ज्याला नाही त्याच्या दुकानावर ‘आरोग्य केंद्र’ अशी पाटी असते.

भांगेच्या झाडाचेही असेच आहे. त्याच्या मादी फुलोऱ्यावर चिकट राळ धरते. सगळी करामत त्या राळेत. तीत शंभरावर द्रव्ये असली, तरी आपल्याला दोनच पुरेत. एक टीएचसी, हे डोके फिरवते. दुसरे सीबीडी, याने नशा येत नाही, आणि वैद्यकात ज्याचा एवढा बोलबाला झाला ते हेच. फुलोऱ्याचा गांजा, राळेची चरस, पानांची भांग. पानांतही ही द्रव्ये असतात, पण फुलोऱ्यापेक्षा कमी. आणि बी? बीच्या आत दोन्ही नाहीत. बीच्या तेलात जे चिमूटभर सापडते ते सालीला बाहेरून चिकटलेल्या राळेचे. मिरचीचे बी तिखट लागते ना, तसेच. मिरचीचा तिखटपणा मुळात आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बीला तो शेजाराने लागतो.

बियांचे तेल वाईट नाही. ते खाद्यतेल आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 च्या नोव्हेंबरात त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आणि त्याबरोबर मर्यादाही घातली: किलोमागे टीएचसी 10 मिलिग्रॅमपेक्षा आणि सीबीडी 75 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. आता मी गणिताचा मास्तर आहे, तेव्हा एक उदाहरण घालतो. विलायतेत फिटवर देतात ते औषध खरेच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला जून 2018 मध्ये, अपस्माराच्या दोन दुर्मिळ आणि फार हट्टी प्रकारांसाठी, मंजुरी दिली. तिळाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध सीबीडी, दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. त्याची नेहमीची मात्रा दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, 10 मिलिग्रॅम. आमचा विद्यार्थी 30 किलोचा. म्हणजे रोज 300 मिलिग्रॅम. बियांच्या तेलात कायद्याने शक्य असलेले सर्वांत जास्त सीबीडी आहे असे धरले, तरी त्या पोराने रोज किती तेल प्यावे? चार किलो! त्याचा बाप त्याला सकाळी पाच थेंब देत होता.

शिवाय दुकानदाराने जे सांगितले नाही ते असे. त्या मंजुरीच्या चाचण्यांत रोग्यांच्या आधीच्या गोळ्या कोणी बंद केल्या नव्हत्या. नवे औषध त्यांच्या जोडीला दिले होते. चालू असलेली फिटची गोळी एकाएकी तोडली की फिट उलटून येते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. आमच्या शाळेच्या पटांगणात आम्ही ते पाहिले.

आता पुढची पायरी. बियांचे तेल सोडा. झाडाच्या पाल्या-फुलोऱ्यातून जो अर्क काढतात त्याचेही तीन प्रकार बाजारात आहेत, आणि त्यांची नावे इंग्रजी असल्यामुळे ती मंत्रासारखी पुटपुटली जातात: फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम, आयसोलेट. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. तरी दोन संध्याकाळी खर्चून मला हे समजले, म्हणून कोणालाही समजेल असे मी धरून चालतो. मिरचीच घेऊ; नंदुरबारच्या माणसाला दुसरे काय सुचणार? मिरची तेलात कढवली की तिचा रंग, वास, तिखट सारे तेलात उतरते. हा झाला फुल स्पेक्ट्रम: झाडातले सगळे, टीएचसीसकट. त्याच अर्कातून तिखट तेवढे काढून टाकले, रंग आणि वास ठेवला, की ब्रॉड स्पेक्ट्रम. इथे तिखटाच्या जागी टीएचसी समजावे. आणि रंग, वास, बाकी सारे टाकून एकच द्रव्य वेगळे केले की आयसोलेट. मिरचीचे शुद्ध तिखट काढले तर ते लाल नसते, बिनरंगाचे स्फटिक असतात. तसेच शुद्ध सीबीडीची पांढरी भुकटी होते.

हा अर्क काढतात तरी कसा? कोणी मद्यार्कात पाला भिजवतात, मग थंडीत ठेवून मेण गाळतात. मोठे कारखानदार कार्बन डायऑक्साइड वापरतात. सोड्याच्या बाटलीतला हा वायू 31 अंशांवर तापवून हवेच्या 74 पट दाबाखाली ठेवला की तो ना धड वायू राहतो ना धड पाणी, आणि पाल्यातला अर्क ओढून घेतो. दाब काढला की स्वतः उडून जातो, मागे काही ठेवत नाही. पाहुणा असावा तर असा! आणि आपल्याकडे भांग तुपात कढवण्याची रीत जुनीच. ती रीत दुसरे काय करते? तीही पाल्यातले सारे तुपात उतरवते. तेव्हा ‘आमचे पारंपरिक म्हणून निरुपद्रवी’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की परंपरेचे तूप हे फुल स्पेक्ट्रमच होते.

याचा पुरावा माझ्या सहकाऱ्यांच्या घरी मिळाला. त्यांच्या मातोश्रींचे वय 78, गुडघे गेलेले. मोबाईलवरची जाहिरात पाहून ‘विजया’ नावाचा अर्क मागवला. विजया हे भांगेचेच संस्कृत नाव. पण भांग म्हटले असते तर आजीने बाटलीला हात लावला नसता. दोन दिवस गुण आला. तिसऱ्या दिवशी मात्रा कोणीतरी दुप्पट दिली आणि आजी आरतीच्या मध्येच खुदखुदू लागल्या. घरातली मुले खूश झाली. रात्री मात्र त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात भोवळ येऊन पडल्या. हाड वाचले, दैव म्हणायचे. बाटलीवर लिहिले होते ‘फुल स्पेक्ट्रम’. त्या दोन शब्दांचा अर्थ ‘यात नशेचे द्रव्य आहे’ असा होतो, हे त्या घरातल्या तीन पदवीधरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

इथे आपला कायदा मोठा गमतीचा आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. पण फुलोरा वगळून नुसती पाने आणि नुसत्या बिया त्या व्याख्येतून सोडल्या. म्हणून आपल्याकडचा विजया अर्क पानांचा म्हणून येतो, आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतो. अमेरिकेत हेम्पच्या पिकात टीएचसी 0.3 टक्क्यांपर्यंतच चालते. तिथला ‘फुल स्पेक्ट्रम’ त्या हिशेबाचा. आपल्या पानांच्या अर्काला ती मोजपट्टी लागू नाही. काही बाटल्यांत टीएचसी आणि सीबीडी बरोबरीनेसुद्धा असते. नाव तेच, माल निराळा. अमेरिकेतून भाच्याने आणलेली बाटली आणि इथे मागवलेली बाटली एकच, असे समजणारे लोक मला भेटले आहेत. (भाच्याने ती बॅगेतून आणू नये, हेही जाता जाता सांगतो, विमानतळावरचा अधिकारी मामाची ओळख विचारात घेत नाही.)

विक्रेत्यांचा आणखी एक आवडता शब्द आहे. तो म्हणजे ‘आंतूराज’, आपल्या भाषेत लवाजमा. सगळी द्रव्ये एकत्र असली की एकमेकांचा गुण वाढवतात, म्हणून महागडा फुल स्पेक्ट्रमच घ्या, असे ते सांगतात. हा शब्द शास्त्रात आला 1998 साली, इस्रायलच्या राफाएल मेकूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून. आणि तो आला माणसाच्या शरीरात आपोआप तयार होणाऱ्या द्रव्यांविषयी. झाडाच्या बाटलीवर तो पुढे चढला. कल्पना खोटीच ठरेल असे मी म्हणत नाही. पण राजा कोण हे ठरण्याआधी लवाजम्याचे भाडे माझ्याकडून का घेता?

बरे, बाटलीवर लिहिलेले तरी खरे असते काय? 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेली 84 उत्पादने तपासली. लेबलावर लिहिल्याइतके सीबीडी निघाले फक्त 26 मध्ये. 18 मध्ये टीएचसी सापडले. ही त्या देशाची कथा, जिथे गिऱ्हाईक उठल्यासुटल्या कोर्टात जाते.

इतके वाचून आमच्या गावातले दुसरे एक गृहस्थ आनंदाने टाळी देतील. त्यांचे मत ठरलेले: हा सगळा गांजाच आहे, सरसकट बंद करा. त्यांचेही आणि माझे जमत नाही. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच, म्हणून विका. हे म्हणतात सगळे सारखेच, म्हणून जाळा. न बघण्याच्या बाबतीत दोघे सख्खे भाऊ आहेत. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने 1,193 साक्षीदार तपासले, तेव्हा भांग, गांजा आणि चरस यांचा विचार वेगवेगळा केला. परक्या सरकारला जी तसदी घ्यावीशी वाटली ती आपल्या माणसांना वाटू नये? ज्या लेकरांच्या फिट कशानेच थांबत नाहीत, त्यांच्या आयांना शुद्ध सीबीडीने खरोखर दिलासा मिळाला आहे. तोही या गृहस्थांना जाळायचा आहे काय?

मागणे माझे मोठे नाही. भांगेचा अर्क विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. बिया त्या यादीतून वगळल्या आहेत. यादीतल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो, आणि नियम म्हणतो की तो इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत असावा. आमच्या जिल्ह्यात माणसे पावरी बोलतात, भिली बोलतात, अहिराणी बोलतात. शाळेत मराठी शिकतात. त्या बापाला इंग्रजी कुठून यावे? मराठीत, पुढच्या बाजूला, पानाच्या चित्राच्या जागी लिहा: झाडाचा कोणता भाग, एका मिलिलिटरमध्ये सीबीडी किती, टीएचसी किती, कोणत्या प्रयोगशाळेने कोणत्या तारखेला तपासले. आणि चौथी ओळ: चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये. सीबीडी यकृतातल्या कामात ढवळाढवळ करते. रक्त पातळ करण्याच्या आणि फिटच्या काही गोळ्यांचे शरीरातले प्रमाण त्याने वाढते. तेव्हा शुद्ध असले तरी ते निरुपद्रवी नव्हे. ज्याला या चार ओळी छापायला जड वाटते, त्याच्या बाटलीत काय आहे हे मला न तपासता कळते.

दुकानदाराला मी हे सारे सांगितले. त्याने पैसे परत केले नाहीत. मात्र पानाच्या चित्राची बाटली काचेच्या कपाटातून काढून शेंगदाणा तेलाच्या रांगेत ठेवली. एवढी शिकवणी कामी आली.

मुलगा आता बरा आहे. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. डबी वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात असते. मागच्या महिन्यात त्याची आई बाजाराच्या दिवशी शाळेत आली. तिने पदराआडून तीच अर्धी उरलेली बाटली काढली आणि हळूच विचारले, “गुरुजी, एवढ्या पैशाचं आहे. फेकून द्यावं का?”

मी म्हणालो, “फेकू नका बाई. खायचं तेल आहे. चटणीवर घाला.”