दहा मीटरचा नेम आणि शंभर मीटरच्या गप्पा : एअर पिस्तूल घेण्याआधी पालकांनी काय समजून घ्यावं?

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून आपल्या ग्रामीण भागात नेमबाजी हा विषय नव्याने बोलला जाऊ लागला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं कोल्हापूरला आधीपासून पाठ आहेत, पण ती शहरातली. स्वप्नील खेड्यातला, म्हणून पालकांना वाटतं, आपलंही पोरगं का नाही?

वाटणं बरोबरच आहे. अडचण पुढे सुरू होते. पोराला एअर पिस्तूल घेऊन द्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती लांब मारतं?" गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक सगळ्यांनी हातात घेतलेली असते, त्यामुळे बंदूक म्हणजे पल्ला आणि जोर हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. विकणाराही मग त्याच भाषेत बोलतो. पन्नास मीटर, शंभर मीटर, पत्रा फाडतं वगैरे. लाखाच्या घरातला व्यवहार या एका चुकीच्या प्रश्नावर होऊ नये, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. स्वप्नीलचं पदक एअर पिस्तुलाचं नाही. ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीचं, ज्यात खरी काडतुसं लागतात आणि परवाना लागतो. राहीचा प्रकार २५ मीटर पिस्तूल, तोही काडतुसाचा. एअर पिस्तुलात पॅरिसला पदक मिळवलं ते मनू भाकरने, आणि मिश्र दुहेरीत मनू व सरबज्योत सिंग या जोडीने. मात्र नवशिक्यांची सुरुवात बहुतेक वेळा दहा मीटरवर हवेच्या हत्यारानेच होते, आणि खेड्यातल्या पोराला परवडण्यासारखं, शिकण्यासारखं दारही तेच आहे.

आता पल्ला. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. दहा मीटर अंतर तो सेकंदाच्या पंधराव्या भागात कापतो. तेवढ्या वेळात तो नळीच्या रेषेपासून सुमारे दोन सेंटिमीटर खाली येतो. साइट त्या हिशोबाने लावलेलं असतं, म्हणून नेमबाजाला ते जाणवत नाही. हाच छर्रा २५ मीटरवर नेला तर घसरण चौदा सेंटिमीटरच्या पुढे जाते. शिवाय स्पर्धेच्या छर्‍याचं तोंड चपटं असतं. कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पडावं, गुण मोजताना भांडण नको, यासाठी ते तसं केलेलं असतं. चपट्या तोंडाला हवा जास्त अडवते, वेग लवकर मरतो, आणि उघड्यावर साध्या वार्‍यानेही तो बाजूला सरकतो.

मग कंपन्या वेग का वाढवत नाहीत? त्यांना वाढवता येतो. पण वेग वाढला की धक्का वाढतो, आणि एका हाताने धरलेल्या किलोभर वजनाच्या पिस्तुलाला धक्का नको असतो. दहा मीटरसाठी १५० पुरेसा आहे, त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक छर्‍याचा वेग सारखा असणं. म्हणून हल्लीची पिस्तुलं दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. चांगलं पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून दहा मीटरवरून पाच छर्रे मारले, तर ते जवळजवळ एकाच भोकातून जातात. कारखान्यातून पिस्तुलासोबत असा चाचणीचा कागद येतो. विकत घेताना पल्ल्याऐवजी हा कागद मागावा. जुनं पिस्तूल असेल तर समोर पाच छर्रे मारून दाखवायला सांगावं आणि सिलिंडरची मुदत बघावी, तीही संपत असते.

दहा मीटरच्या पिस्तूल टार्गेटचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा. त्याच्या आतलं ‘इनर टेन’ पाच मिलिमीटरचं. छर्रा रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत असला की दहा. पुढच्या प्रत्येक आठ मिलिमीटरला एक गुण कमी. अंतिम फेरीत दशांशात मोजतात, तेव्हा ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण त्यांचा अर्थ बघा. पॅरिसला मनू २२१.७ वर थांबली आणि तिच्या पुढची कोरियाची किम येजी त्यावेळी २२१.८ वर होती. म्हणजे बावीस छर्‍यांत मिळून फक्त ०.८ मिलिमीटरने रौप्याची लढत हुकली. सरबज्योतचं तर आणखी वाईट. वैयक्तिक पात्रता फेरीत ६० नेमांत ५७७ गुण, आठव्या क्रमांकाच्या जर्मन नेमबाजाचेही ५७७. त्याचे इनर टेन १७, सरबज्योतचे १६. एका छर्‍यासाठी अंतिम फेरी गेली. नंतर मिश्र दुहेरीत त्याने पदक घेतलं ही गोष्ट वेगळी.

मग इतकी अचूकता येते कुठून? इथे लोकांचा अंदाज पुन्हा चुकतो. सगळ्यांना वाटतं, हात दगडासारखा स्थिर पाहिजे. हात कोणाचाच स्थिर नसतो. ऑलिंपिकवाल्याचाही हलतो, फक्त थोड्या जागेत हलतो. खरी मेख पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये आहे. अख्खा हात सरळच्या सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही टार्गेटवर एकच मिलिमीटर सरकतो. काही बिघडत नाही, दहा तो दहाच. पण मनगट किंचित वळलं आणि पुढचं साइट मागच्या खाचेत मधोमध न राहता एक मिलिमीटर कडेला गेलं, तर? दोन साइटमधलं अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर धरा. दहा मीटर म्हणजे त्याच्या तीसपटीहून जास्त. ती एक मिलिमीटरची चूक टार्गेटवर ३१ मिलिमीटर होते, आणि दहाच्या जागी सात पडतो.

म्हणून चांगला प्रशिक्षक पोराला सांगतो की टार्गेट बघू नकोस, पुढचं साइट बघ. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. हे ऐकून पालक गोंधळतात, "नेम धरायचा तर तिकडं बघायचं न्हाई व्हय?" पण शास्त्र तेच सांगतं. दुसरी गोष्ट ट्रिगर. नियमाप्रमाणे तो किमान ५०० ग्रॅम जोर घेऊनच सुटला पाहिजे. आता मारतोच म्हणून बोट झटकलं की मनगट वळतं, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा बहुधा डावीकडे खाली जातो. त्यामुळे कागद बघूनच निदान करता येतं. छर्रे एका जागी जमलेत पण मधोमध नाहीत, तर साइट फिरवायचं. सगळीकडे विखुरलेत, तर साइटला हात लावू नका, दोष पोराच्या धरण्यात आहे. आणि या दोषावरचा बराचसा सराव छर्रा न भरता, पांढर्‍या भिंतीसमोर नुसतं ट्रिगर दाबून होतो. त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

पॅरिसमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचचा फोटो मोबाइलवर सगळ्यांनी पाहिला. हात खिशात, साधा चष्मा, आणि रौप्यपदक. त्यावरून ‘काही लागत नाही, उभं राहायचं आणि मारायचं’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटले. ती त्याची पाचवी ऑलिंपिक होती हे कोणी सांगितलं नाही. मोकळा हात खिशात घालणं ही तर पिस्तूल नेमबाजांची नेहमीची सवय, खांदा डुलू नये म्हणून.

सुविधांचं बोलू. दहा मीटरची रेंज ही आपल्या तालुक्यांना झेपणारी गोष्ट आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. ५० मीटरच्या रेंजला जागा, संरक्षक भिंती, काडतुसांचा परवाना, सगळी भानगड. दहा मीटरला एका नेमबाजामागे एक मीटर रुंदी पुरते. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं, म्हणजे तेवढ्या जागेत पाच-सहा जण एका वेळी सराव करू शकतात. तालुका क्रीडा संकुलात असा हॉल असेल, तर सकाळचे दोन तास बॅडमिंटनवाल्यांकडून मागून घेता येतील. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा हट्ट सुरुवातीला नको, त्यात एकेका लेनला मोठा खर्च आहे. दोरीवर मागेपुढे होणारं कागदी टार्गेट पुरतं. उत्तर प्रदेशातल्या बागपत भागात खेड्यातल्या साध्या रेंजवर शिकून शेतकर्‍याचा मुलगा सौरभ चौधरी सोळाव्या वर्षी २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेऊन आला. त्याच सौरभने टोकियोत पात्रता फेरीत ५८६ गुणांसह पहिला नंबर काढला आणि अंतिम फेरीत तो सातवा आला. हे मुद्दाम सांगतोय. या खेळात शाश्वती कोणालाच नाही.

मात्र जिथे पैसे वाचवू नयेत अशा जागा आहेत. टार्गेटमागे छर्रा अडवणारा लोखंडी सापळा हवाच. हे हत्यार स्पर्धेपुरतं दहा मीटरचं, पण सुटलेला छर्रा दहा मीटरवर थांबत नाही. मोकळ्यात तो शंभर मीटरच्या पुढेही जाऊ शकतो आणि जवळून डोळा घालवतो. त्यामुळे परसात, गच्चीवर, उसाच्या कडेला सराव नको, आणि कावळे-पारवे मारणं तर नाहीच. टार्गेटच्या बाजूचा दरवाजा सराव चालू असताना कुलूपबंद असला पाहिजे. टार्गेटवर उजेड भरपूर हवा, आंतरराष्ट्रीय नियमात किमान १५०० लक्स सांगितलंय. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय पोरांनी डबा उघडू नये. बर्‍याच ठिकाणी या साध्या गोष्टीकडे कोणी बघत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ताकद पाच-सहा ज्यूलच असते. पण परवाना नको याचा अर्थ कमरेला लावून गावभर फिरावं असा नाही. बिल आणि ओळखपत्राची नोंद ठेवा, पिस्तूल पेटीत बंद करून न्या, आणि खरेदीआधी पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या.

पोरं या खेळाकडे का येतात, हेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. ऑलिंपिक हे बोलायला. मनात असते ती सरकारी नोकरीतली पाच टक्के क्रीडा आरक्षणाची जागा. त्यात वाईट काही नाही. स्वप्नीलसुद्धा रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करतच तिथवर पोहोचला. पण त्या जागेसाठी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते, अकादमीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून भागत नाही. फी भरताना विचारायचं ते एवढंच : प्रशिक्षक स्वतः कुठल्या पातळीवर खेळलाय, आठवड्याला प्रत्यक्ष किती वेळ लेन मिळणार, आणि पिस्तूल अकादमीचं वापरता येईल की पहिल्याच महिन्यात विकत घ्यायला लावणार? पहिल्या सहा महिन्यांत स्वतःचं पिस्तूल घेण्याची घाई करू नये. तोवर पोराचे ६० छर्‍यांचे कागद तारखेनुसार जपून ठेवा आणि पहिल्या महिन्याचा कागद सहाव्या महिन्याच्या कागदाशेजारी ठेवून बघा. भोकं जवळ आली असतील, तर मग पैशांची जुळवाजुळव करायला हरकत नाही.