शुद्ध गाय की शुद्ध तूप?

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस जवळ आले की हॉस्टेलवर एक खेळ सुरू होतो. कुणाचा तरी प्रोजेक्ट रिपोर्ट हातोहात फिरतो, त्यातलं एखादं इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचलं जातं आणि सगळे हसतात. वाक्य लिहिणारा बहुतेक वेळा एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचाकडचा, मराठी माध्यमाचा. हसणारे बहुतेक कॉन्व्हेंटवाले. मीही कॉन्व्हेंटचीच, पण मला हे हसणं पटत नाही. चूक नेमकी कुठून आली, हे त्या हसणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

एक वाक्य घ्या. ‘जिप्सीतून ताडोबात फिरताना वाघ दिसला.’ मराठीत यात काहीही बिघडलेलं नाही. ‘दिसला’ म्हटलं की कुणाला तरी दिसला, म्हणजे ‘मला’ किंवा ‘आम्हाला’ हा शब्द ऐकणारा मनातच भरून घेतो आणि फिरणारेही आपणच, हे समजून घेतो. आता याचंच शब्दाला शब्द इंग्रजी करा : ‘ड्रायव्हिंग थ्रू ताडोबा इन अ जिप्सी, अ टायगर वॉज सीन.’ झालं! वाघोबा जिप्सी चालवू लागले. कारण इंग्रजीत स्वल्पविरामानंतर जे नाव पहिलं येतं, त्याच्याच गळ्यात आधीची क्रिया पडते. तिथे ‘वी सॉ अ टायगर’ लिहिलं की वाघ परत जंगलात जातो.

दुसरा प्रकार विशेषणांचा. रसवंतीच्या पाटीवर ‘ताजा उसाचा रस’ लिहिलं तर रस ताजा आणि ‘ताज्या उसाचा रस’ लिहिलं तर ऊस ताजा. एका प्रत्ययाने मालक ठरला. पण ‘शुद्ध गाईचे तूप’ या पाटीवर आपण सगळेच हसतो. का? तर ‘शुद्ध’ हा शब्द बदलतच नाही, त्यामुळे शुद्ध कोण, गाय की तूप, हे फक्त जागेवरून ठरवावं लागतं. मित्रांनो, इंग्रजीतली सगळी विशेषणं या ‘शुद्ध’सारखीच आहेत. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते. एवढी एक गोष्ट समजली तर अर्धं काम झालं.

हा काही फक्त मार्कांचा प्रश्न नाही. उद्या आपल्यातले कितीतरी जण चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात, बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये किंवा कोळसा खाणीत कामाला लागतील. तिथे एखाद्याने सूचना लिहिली : ‘ओपन द वॉल्व्ह ऑफ द पंप विथ द रेड हँडल.’ लाल हँडल कुणाचं? वॉल्व्हचं की पंपाचं? मराठीत ‘पंपाचा लाल हँडलवाला वॉल्व्ह’ आणि ‘लाल हँडलवाल्या पंपाचा वॉल्व्ह’ यात गोंधळाला जागाच नाही. इंग्रजीत मात्र ‘द रेड-हँडल्ड वॉल्व्ह ऑफ द पंप’ असं चिकटवूनच लिहावं लागतं. रात्रपाळीत चुकीचा वॉल्व्ह उघडला गेला तर कुणालाही हसू येणार नाही.

‘ओन्ली’चंही तसंच. मराठीत आपण ‘च’ बरोबर त्या-त्या शब्दाला चिकटवतो. ‘सरांनीच जर्नल तपासलं’, ‘सरांनी जर्नलच तपासलं’, ‘सरांनी जर्नल तपासलंच’ : अर्थ तीन आणि एकही मराठी पोरगा यात चुकत नाही. मग ‘ओन्ली’ वाक्यात कुठेही का टाकायचं? आधी मराठीत ‘च’ कुठे लागतो ते बघा, ‘ओन्ली’ त्याच शब्दाच्या अगदी आधी ठेवा.

आम्हाला शाळेत रेन अँड मार्टिनमधले नियम पाठ करायला लावले, पण ‘असं का’ हे कुणी सांगितलं नाही. कान तयार झाला म्हणून वाक्य बरोबर येतं, एवढंच. यात हुशारी कुठली? उलट भामरागडकडून आलेल्या मित्राच्या घरी माडिया बोलतात, सिरोंच्याच्या मैत्रिणीच्या घरी तेलुगू. मराठी त्यांनी शाळेत कमावली आणि आता इंग्रजीत थर्मोडायनामिक्स शिकताहेत. तीन भाषांचे नियम डोक्यात वागवणाऱ्याला ‘इंग्लिश वीक आहे’ म्हणणं मला तरी जमत नाही.

म्हणून कम्युनिकेशन स्किल्स शिकवणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. पहिल्या वर्षी दोन तास तरी मराठी आणि इंग्रजी वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून शिकवा. वर्गात मराठी बोललं तर इंग्रजी बिघडते, ही भीती सोडा. आणि हॉस्टेलवाल्यांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांचे रिपोर्ट वाचाच. फक्त प्रत्येक वाक्याला ‘हे कोण करतंय?’ आणि ‘हे कुणाचं?’ असे दोन प्रश्न विचारा. उत्तर लगेच सापडलं नाही, तर पेन्सिलने खूण करा आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून वाक्य दुरुस्त करा.